वाचलेल्यांना जगवण्याचे काम: आपत्तीकाळातील निवारा केंद्र आणि स्वयंसेवक

जपानमधील कुमामोतो प्रांताला एप्रिल 2016 मध्ये, दोन दिवसांच्या आत, दोन मोठ्या भूकंपांनी हादरवले. कोसळलेल्या घरांखाली आणि दरडींखाली सापडून 50 माणसे गेली. पुढच्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत मात्र 200 हून अधिक माणसे दगावली, आणि त्यांचे मृत्यू चौकशीनंतर ‘आपत्तीशी संबंधित मृत्यू’ म्हणून अधिकृतपणे नोंदले गेले. ही सगळी माणसे भूकंपातून जिवंत बाहेर पडलेली होती. कुणाला निवाऱ्यातल्या दगदगीत न्यूमोनिया झाला, कुणाचा जुना हृदयविकार बळावला, तर पुन्हा धक्का बसेल या भीतीने मोटारीतच रात्री काढणाऱ्या काहींच्या पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊन त्या फुप्फुसापर्यंत पोहोचल्या.

निवारा केंद्रात स्वयंसेवक म्हणून काम करू इच्छिणाऱ्याने आधी ही आकडेवारी समजून घ्यावी, असे मला वाटते. ढिगारे उपसणारे आणि पुरातून माणसे काढणारे बचावपथक डोळ्यांत भरते, आणि ते योग्यच आहे. परंतु वाचलेल्या माणसाला पुढचे काही आठवडे जिवंत आणि धडधाकट ठेवण्याचे काम बहुतेक वेळा निवाऱ्यात होते, आणि त्यातला मोठा वाटा प्रशिक्षित डॉक्टरांचा नसून साध्या, नियमित येणाऱ्या स्वयंसेवकांचा असतो.

निवारा म्हणजे काय असते

शाळा, सभागृह, क्रीडागृह अशी जागा, जी राहण्यासाठी बांधलेलीच नसते, तिच्यात काही तासांत शेकडो माणसे येतात. तान्ही बाळे, गर्भवती स्त्रिया, मधुमेहाचे रुग्ण, चाकाच्या खुर्चीवरील व्यक्ती, स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध, आणि नुकताच घरातला माणूस गमावलेले लोक एकाच छताखाली असतात. शौचालये शाळेच्या वेळेपुरती बांधलेली असतात, पाणीपुरवठा खंडित असू शकतो, आणि एकांत नावाची गोष्ट उरलेली नसते.

अशा जागेत किमान काय असावे याचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. 1994 मध्ये रवांडातील नरसंहारानंतर लाखो निर्वासित शेजारच्या देशात गेले आणि गोमा परिसरातील छावण्यांत पटकीने हजारो माणसे दगावली. मदत पुष्कळ होती, संस्थाही पुष्कळ होत्या, पण किमान दर्जा कुणी ठरवलेला नव्हता. त्या अनुभवातून 1997 मध्ये मदतसंस्था आणि रेडक्रॉस चळवळ यांनी मिळून ‘स्फिअर’ हा उपक्रम सुरू केला. त्याच्या मार्गदर्शिकेनुसार दर माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी, राहण्यासाठी किमान 3.5 चौरस मीटर छताखालची जागा, 20 माणसांमागे एक शौचालय आणि सरासरी 2,100 किलोकॅलरींचा आहार असावा. स्त्रियांसाठीच्या शौचालयांचे प्रमाण पुरुषांच्या तिप्पट ठेवावे, असेही ती सुचवते.

स्वयंसेवकाने हे आकडे तोंडपाठ करायची गरज नाही. परंतु दोनशे माणसांच्या सभागृहात चारच शौचालये दिसली, तर ही केवळ गैरसोय नसून आरोग्याचा प्रश्न आहे, हे त्याला कळले पाहिजे आणि व्यवस्थापकाला तसे सांगण्याचा धीर त्याच्यात असला पाहिजे.

शौचालयापासून सुरू होणारी साखळी

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा कदाचित हाच आहे, म्हणून तो सविस्तर मांडतो. शौचालय अस्वच्छ, अंधारे किंवा दूर असले की वृद्ध माणसे आणि स्त्रिया तिथे जाणे टाळतात. जावे लागू नये म्हणून त्या पाणी कमी पितात. पाणी कमी झाल्याने रक्त घट्ट होते. त्यातच जमिनीवर अंथरुण, उठा-बसायला त्रास आणि शेजाऱ्याला त्रास नको म्हणून दिवसभर एका जागी बसून राहणे, यांमुळे पायांतला रक्तप्रवाह मंदावतो आणि गुठळी होण्याचा धोका वाढतो. 2004 मध्ये जपानच्या चुएत्सू भागातील भूकंपानंतर मोटारीत झोपणाऱ्यांमध्ये असे मृत्यू झाले, तेव्हापासून तेथील आरोग्ययंत्रणा याकडे फार गांभीर्याने पाहते.

या साखळीची प्रत्येक कडी तोडण्याचे काम स्वयंसेवक करू शकतो, आणि त्यासाठी वैद्यकीय शिक्षण लागत नाही. ठरलेल्या वेळांना शौचालये धुणे, तिथे साबण, पाणी आणि रात्रीचा दिवा आहे याची खात्री करणे, कुणाला आधार देऊन तिथपर्यंत नेणे, दर दोन-तीन तासांनी प्रत्येक रांगेतून पाणी घेऊन फिरणे, सकाळ-संध्याकाळ सर्वांना जागच्या जागी पाय हलवण्याचा आणि थोडे चालण्याचा व्यायाम करायला लावणे, ही सगळी कामे जीव वाचवणारी आहेत. निवाऱ्यात आलेला नवा स्वयंसेवक बहुधा अन्नवाटपाच्या टेबलाशी उभा राहू इच्छितो. शौचालयाची पाळी जो आनंदाने घेतो, त्याचे मोल व्यवस्थापक चटकन ओळखतात.

जमिनीपासून उंच झोपण्याची सोय हीदेखील अशीच गोष्ट आहे. अनेकांच्या वावराने उडणारी धूळ आणि जंतू जमिनीलगत साठतात आणि जमिनीवर झोपणाऱ्याच्या श्वासातून आत जातात. शिवाय गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमिनीवरून उठणे इतके कठीण जाते की तो उठतच नाही. जपानमध्ये 2011 च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर जाड पुठ्ठ्याच्या खोक्यांपासून जोडायच्या खाटांचा वापर वाढला, तो याच कारणाने. त्या जोडायला हत्यारे लागत नाहीत, आणि निवाऱ्यातली तरुण मुले शिकवल्यावर हे काम झपाट्याने करतात.

दात घासण्याकडेही फारसे कुणाचे लक्ष जात नाही. पाण्याची टंचाई असली की लोक सर्वांत आधी दात घासणे आणि कवळी धुणे सोडतात. वृद्धांच्या तोंडात जंतू वाढतात, गिळताना किंवा झोपेत ते लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरतात आणि न्यूमोनिया होतो. 1995 च्या कोबे भूकंपानंतरच्या संबंधित मृत्यूंमध्ये न्यूमोनिया हे एक ठळक कारण होते. मदतसाहित्याच्या यादीत दात घासण्याचे ब्रश आणि कवळी ठेवायची डबी आवर्जून असावी, असे सुचवणारा स्वयंसेवक फार उपयोगाचे काम करत असतो.

साथ पसरते कशी

2005 मध्ये कॅटरिना चक्रीवादळानंतर ह्यूस्टन शहरात उघडलेल्या प्रचंड मोठ्या निवाऱ्यात हजारो लोक आले, आणि पहिल्या दोन आठवड्यांतच हजाराहून अधिक लोकांना उलट्या-जुलाबांचा त्रास झाला. अनेकांच्या तपासणीत नोरोव्हायरस सापडला. या विषाणूबाबत एक गोष्ट प्रत्येक स्वयंसेवकाला ठाऊक असावी. अल्कोहोलयुक्त हात स्वच्छ करण्याचे द्रव त्याच्यावर पुरेसे परिणामकारक ठरत नाही. साबण आणि वाहते पाणी यांनीच हात धुवावे लागतात. उलटी झालेली जागा हातमोजे आणि मुखपट्टी वापरून पुसावी आणि नंतर क्लोरीनयुक्त द्रावणाने निर्जंतुक करावी.

ज्याला उलट्या, जुलाब किंवा ताप आहे, त्याला शिक्षा वाटू नये अशा रीतीने वेगळ्या खोलीत हलवावे, सोबत घरचे माणूस राहू द्यावे आणि आरोग्यपथकाला त्याच दिवशी कळवावे. हाच नियम स्वयंसेवकालाही लागू आहे. पोट बिघडलेले असताना केवळ कर्तव्यभावनेने वाटपाला येणारा स्वयंसेवक अख्ख्या निवाऱ्याला आजारी पाडू शकतो. त्याने घरी राहावे.

नोंदणीचे टेबल

नोंदणीचे काम कंटाळवाणे दिसते, पण निवाऱ्याचा सगळा कारभार त्याच वहीवर चालतो. जेवणाची संख्या, औषधांची गरज, खाटांची मागणी, हरवलेल्या माणसांचा शोध, हे सर्व तिथून निघते. नाव, वय, कुटुंबातील इतर व्यक्ती, मूळ पत्ता, चालू औषधे, अन्नाची किंवा औषधाची ॲलर्जी, चालण्या-ऐकण्या-पाहण्यातील अडचण आणि कुणाशी ताटातूट झाली आहे का, एवढे विचारणे पुरेसे आहे. घाबरलेल्या माणसाला त्यापलीकडचे प्रश्न विचारू नयेत. निवारा सोडून जाणाऱ्याचीही नोंद तितक्याच काळजीने घ्यावी, कारण उद्या त्याचा भाऊ त्याला शोधत येणार आहे.

कॅटरिनानंतर कुटुंबांपासून ताटातूट झालेल्या किंवा बेपत्ता म्हणून नोंदवलेल्या मुलांची संख्या पाच हजारांहून अधिक होती आणि शेवटच्या मुलाचा ठावठिकाणा लागायला मार्च 2006 उजाडला. म्हणून एकट्या मुलाची नोंद वेगळी आणि तत्काळ करावी, त्याने सांगितलेले नाव आणि ठिकाण जसेच्या तसे लिहावे, तो कुठे आणि कुणाबरोबर सापडला तेही लिहावे, आणि ‘मी त्याचा काका आहे’ असे म्हणणाऱ्या कुणाच्याही स्वाधीन त्याला परस्पर करू नये. ते काम ज्या अधिकाऱ्यांकडे सोपवलेले आहे, त्यांनीच करायचे असते.

ही माहिती गोपनीय आहे. घरातल्या मारहाणीपासून पळालेली स्त्रीही निवाऱ्यात असू शकते, आणि तिचा शोध घेणारा माणूस अत्यंत काळजीच्या स्वरात तिची चौकशी करत नोंदणीच्या टेबलाशी येऊ शकतो. म्हणून ‘अमुक व्यक्ती इथे आहे’ असे थेट सांगू नये. निरोप घ्यावा, आत जाऊन त्या व्यक्तीला विचारावे, आणि तिची संमती असेल तरच भेट घडवावी. यादी भिंतीवर लावण्याआधीही प्रत्येकाची परवानगी हवी. छायाचित्रांचेही तेच. ज्याने घर गमावले आहे, त्याच्याजवळ नकार देण्याचे बळ कमी असते, त्यामुळे स्वयंसेवकाने निवाऱ्यात कॅमेरा बाहेर काढूच नये हे बरे.

बोलावे कसे

दुःखात असलेल्या माणसाशी काय बोलावे, ही भीती जवळजवळ प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला असते. यासाठी ‘मानसिक प्रथमोपचार’ नावाची एक साधी पद्धत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये तिची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिचा गाभा तीन क्रियांत आहे: पाहणे, ऐकणे आणि जोडून देणे. आधी सुरक्षितता आणि तातडीच्या गरजा पाहायच्या. मग जवळ बसून, माणसाला बोलायचे असेल तर शांतपणे ऐकायचे. आणि शेवटी त्याला त्याचे नातलग, खरी माहिती आणि आवश्यक सेवा यांच्याशी जोडून द्यायचे.

त्यात काय करायचे नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. ‘मन मोकळे करा, म्हणजे बरे वाटेल’ असे म्हणून घडलेला प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये. अशा सक्तीच्या कथनाने फायदा होत नाही आणि काहींना अपाय होऊ शकतो. ‘तुम्ही निदान वाचलात’, ‘देवाची इच्छा’, ‘सगळे ठीक होईल’ ही वाक्येही टाळावीत. आपल्या हाती नसलेले आश्वासन देऊ नये. ‘मला माहीत नाही, पण मी विचारून पाच वाजेपर्यंत तुम्हाला सांगतो’ असे म्हणावे, आणि उत्तर मिळालेले नसले तरी पाच वाजता परत जावे. ज्याच्या आयुष्यातले सगळे अनिश्चित झाले आहे, त्याला कुणीतरी दिलेली वेळ पाळतो याचा फार मोठा आधार असतो.

मुलांसाठी दिवसातले काही तास खेळण्याची जागा असावी, ज्यामुळे पालकांनाही रांगा, अर्ज आणि झोप यांसाठी वेळ मिळतो. तिथे नेहमी किमान दोन प्रौढ हवेत, एकट्या स्वयंसेवकाने मुलासोबत बंद खोलीत कधीही थांबू नये, आणि मूल कुणी आणले आणि कुणी नेले याची नोंद हवी. मुले खेळताना घरे कोसळण्याचा किंवा पाणी चढण्याचा खेळ खेळू लागली, तर घाबरून थांबवू नये. घडलेले समजून घेण्याची ती त्यांची रीत असते. तान्ह्या बाळांबाबत आणखी एक सावधगिरी आहे. दानात आलेली दुधाची भुकटी सर्व मातांना सरसकट वाटू नये. स्वच्छ पाणी नसताना बाटलीचे दूध बाळाला जुलाब घडवू शकते. स्तनपान देणाऱ्या आईला आडोसा, पाणी आणि अन्न मिळवून देणे ही खरी मदत आहे, आणि ज्या बाळांना भुकटी लागतेच त्यांना ती आरोग्यसेवकाच्या देखरेखीखाली द्यावी.

निवारा राहणाऱ्यांचा असतो

सद्भावनेने होणारी एक मोठी हानी म्हणजे आपद्ग्रस्तांसाठी सगळेच आपण करून टाकणे. कालपर्यंत घर, दुकान, शेत सांभाळणारी माणसे आज रांगेत हात पसरून उभी राहतात आणि उरलेला दिवस भिंतीला टेकून बसतात. काम नाही म्हणून हालचाल नाही, हालचाल नाही म्हणून शक्ती नाही, आणि काही आठवड्यांत घरी स्वतः चालणारा वृद्ध माणूस अंथरुणाला खिळतो. म्हणून राहणाऱ्यांची समिती पहिल्या दोन-तीन दिवसांतच बनावी, तिच्यात स्त्रिया, तरुण आणि दिव्यांग व्यक्ती असाव्यात, आणि स्वयंपाक, सफाई, सूचनाफलक, रात्रीचा पहारा यांचे निर्णय तिने घ्यावेत. ज्यांना झेपेल त्यांना काम द्यावे, ज्यांना झेपणार नाही त्यांच्यावर दडपण आणू नये. स्वयंसेवक हा त्या समितीचा मदतनीस असतो.

सूचनाफलकाबद्दल थोडे सांगायला हवे. धरण फुटले, दुसरी लाट येते आहे, अमक्या ठिकाणी पैसे वाटत आहेत, अशा अफवा निवाऱ्यात वणव्यासारख्या पसरतात आणि लोक रात्री-अपरात्री बाहेर पडतात. फलकावरील प्रत्येक सूचनेखाली तारीख, वेळ आणि ती कुणी दिली हे लिहावे, जुनी सूचना काढून टाकावी, आणि वाचू न शकणाऱ्यांसाठी दिवसातून दोनदा मोठ्याने वाचून दाखवावी. ऐकू न येणाऱ्यांपर्यंत ती लेखी पोहोचवावी.

जाण्याआधी

कोबेच्या भूकंपानंतर वर्षभरात दहा लाखांहून अधिक स्वयंसेवक तिथे गेले. जपानमध्ये 1995 हे त्यामुळेच स्वयंसेवेचे पहिले वर्ष मानले जाते. पण आपण होऊन आलेल्या इतक्या माणसांना काम वाटून देणारी यंत्रणा सुरुवातीला नव्हती, आणि उत्साही लोक एकाच ठिकाणी गर्दी करत असताना दुसरीकडे कुणीच नसे. त्यातून पुढे आपत्ती स्वयंसेवक केंद्रांची पद्धत रुजली: आधी नोंदणी, मग गरजेशी मेळ, मग गटप्रमुखासह रवानगी, आणि संध्याकाळी परत येऊन अहवाल. स्वयंसेवकाचा विमाही असतो. जगात कुठेही जायचे असले तरी हेच तत्त्व पाळावे. बोलावणे किंवा नोंदणी झाल्याशिवाय निघू नये. स्वतःचे अन्न, पाणी, औषधे आणि झोपण्याची सोय स्वतः न्यावी. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. निवाऱ्यातील जेवण आणि खाट ही स्वयंसेवकासाठी नसते.

वस्तू गोळा करून पाठवण्याआधीही विचारावे. 1993 मध्ये जपानच्या ओकुशिरी बेटावर भूकंप आणि त्सुनामीनंतर मदतसाहित्याचा एवढा ढीग आला की तो ठेवायला गोदाम उभारावे लागले, आणि त्यातले बरेचसे शेवटी नष्ट करावे लागले. जुने कपडे निवडायला जी माणसे बसतात, ती तेवढा वेळ दुसरे काही करू शकत नाहीत.

खरी तयारी शांततेच्या काळात होते. 1970 च्या चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात तीन लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. 1972 मध्ये तिथे चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू झाला आणि किनाऱ्यावरील गावागावांत तिथल्याच रहिवाशांना प्रशिक्षण दिले गेले. इशारा देणे, लोकांना निवाऱ्यात नेणे आणि तिथे प्रथमोपचार करणे ही त्यांची कामे आहेत. गर्दी आणि एकांताचा अभाव यांमुळे स्त्रिया निवाऱ्यात यायला कचरत असत, म्हणून पुढे महिला स्वयंसेविकांची संख्या मोठ्या प्रमाणावर वाढवण्यात आली. आज तिथे वादळातील मृत्यूंचा आकडा पूर्वीच्या तुलनेत खूपच खाली आला आहे, आणि त्याच्या श्रेयात या शेजाऱ्यांचा वाटा मोठा आहे. माझ्या मते, प्रथमोपचाराचे किंवा मानसिक प्रथमोपचाराचे छोटे प्रशिक्षण आजच घेऊन ठेवणारा माणूस आपत्तीनंतर घाईने धावणाऱ्या दहा जणांपेक्षा अधिक उपयोगी ठरतो.

वेळेचाही विचार करावा. पहिल्या आठवड्यात माणसे जास्त असतात, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बातम्या थांबतात आणि स्वयंसेवक पांगतात, तर निवाऱ्यात मागे राहिलेले लोक तेच असतात ज्यांना परतायला घर नाही किंवा सोबतीला माणूस नाही. ज्याला चारच दिवस देता येणार आहेत, त्याने ते याच काळात द्यावेत. पाळी आठ तासांची ठेवावी, पुढच्या पाळीला कुठला रुग्ण, कुठली तक्रार, कुठले राहिलेले काम हे लिहून सांगावे, आणि झोप येत नसेल, चिडचिड होत असेल तर गटप्रमुखाला सांगून एक दिवस थांबावे.

निवारा बंद करण्याचे कामही स्वयंसेवकांकडे येते. कोबेनंतर तात्पुरत्या घरांत विखुरलेल्या एकट्या वृद्धांपैकी काही जण कुणाला कळण्याआधीच घरात मरण पावले, कारण शेजार बदलला होता आणि त्यांची नोंद कुणाच्या हाती राहिली नव्हती. म्हणून शेवटच्या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाचा नवा पत्ता घ्यावा, एकटे राहणाऱ्यांची वेगळी यादी त्यांच्या संमतीने स्थानिक आरोग्यसेवकांच्या हाती द्यावी, शक्यतो एकाच वस्तीतील लोकांना एकत्र जागा मिळावी असा आग्रह धरावा, आणि राहिलेली नोंदवही कुठल्याही कपाटात सोडून न देता जबाबदार अधिकाऱ्याची सही घेऊन त्याच्या ताब्यात द्यावी.